पहिलं ऑपरेशन घाईत नको

वाचकाचं पत्र:

"माझी आई ५२ वर्षांची आहे, सोलापूर जिल्ह्यात राहते. सहा महिन्यांपासून संध्याकाळ झाली की तिची डावी पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावता चावता जबडा दमतो. आधी चष्म्याचा नंबर बदलला, मग अशक्तपणा म्हणून टॉनिक झालं. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, सांगितला. रक्तातली अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या हाडामागे थायमसची ७ सेंटिमीटरची गाठ निघाली. गाठ हृदयावरच्या आवरणाला आणि डाव्या इनॉमिनेट शिरेला चिकटलेली वाटते, डाव्या फ्रेनिक नसेच्या जवळ आहे, असं रिपोर्टमध्ये आहे. एक सर्जन म्हणतात, याच आठवड्यात दुर्बिणीने काढून टाकू. दुसरे म्हणतात, आधी केमो, मग छाती उघडून ऑपरेशन. मामा म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर पसरतो, आपण काढे सुरू करू. आईला आम्ही 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय. तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल का? आम्ही कुणाचं ऐकावं?"

सल्ला:

बाकी सगळ्याच्या आधी एक गोष्ट सांगतो, ती आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आईला पाणी गिळताना ठसका लागू लागला, आवाज नाकातून येऊ लागला, मान सावरेना, आडवं पडलं की श्वास पुरेना, किंवा एका श्वासात मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात, तर सकाळची वाट पाहू नका. आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात त्याच रात्री न्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या आजारात श्वासाचे स्नायू थकत आले तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो.

आता गाठीविषयी. थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढ्यात असलेली ग्रंथी. गळ्यातल्या थायरॉईडशी तिचा संबंध नाही. हा घोटाळा नातेवाइकांत हमखास होतो. लहानपणी ही ग्रंथी मोठी असते. रोगप्रतिकारक टी-पेशी तिथे तयार होतात, घरचं कोण आणि परकं कोण हे ओळखायला तिथेच शिकतात. हे काम जॅक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं. तोवर या ग्रंथीचा उपयोगच कुणाला नीट माहीत नव्हता. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि तिथे बहुतांशी चरबी उरते. कधी कधी तिच्याच पेशींपासून गाठ होते, तिला थायमोमा म्हणतात. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण, इतकी ही गाठ दुर्मीळ आहे.

गाठ असली की टी-पेशींचं ते शिक्षण बिघडू शकतं आणि शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटू शकतं. नसेकडून स्नायूला हुकूम पोचतो ती जागा अँटिबॉडी अडवतात, म्हणून आईची पापणी संध्याकाळी पडते. हाच मायस्थेनिया; थायमोमाच्या साधारण तीनांतल्या एका रुग्णाला तो असतो. चष्मा बदलण्यात आणि टॉनिकमध्ये गेलेल्या महिन्यांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. हा आजार सकाळच्या तपासणीत लपून बसतो; अनेकांच्या बाबतीत असंच होतं.

तुमचा खरा पेच ऑपरेशनचा आहे, आणि माझं म्हणणं मी सरळ मांडतो. या गाठीच्या उपचारात सगळ्यात जास्त वजन एकाच गोष्टीला आहे: गाठ पहिल्याच ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाली की नाही. जपानमधल्या ११५ केंद्रांनी १,३२० रुग्णांची माहिती एकत्र केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातल्या थायमोमात ज्यांची गाठ पूर्ण काढता आली त्यांच्यापैकी ९३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. अर्धवट निघालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं, आणि ऑपरेशनच होऊ शकलं नाही त्यांच्यात ३६ टक्के. हा फरक सगळा सर्जनच्या हाताचा नाही, कारण ज्यांची गाठ पूर्ण निघाली त्यांच्यात ती मुळात कमी पसरलेली असणार. तरीही हा आकडा मनात पक्का ठेवा. तिसरा टप्पा म्हणजे सगळं संपलं असा अर्थ या गाठीत होत नाही.

टप्पे ठरवण्याची रूढ पद्धत जपानी सर्जन अकिरा मासाओका यांची, १९८१ सालची. गाठ स्वतःच्या आवरणात असेल तर पहिला टप्पा, आवरण फोडून भोवतालच्या चरबीत गेली तर दुसरा. हृदयावरचं आवरण, फुप्फुस, मोठी शीर असा शेजारचा अवयव धरला तर तिसरा. छातीच्या पोकळीत दाणे पसरले किंवा गाठ दूर कुठे गेली तर चौथा. आईचा टप्पा आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. स्कॅनमध्ये गाठ आणि शीर यांच्यामधला चरबीचा पातळ थर दिसला नाही की रेडिऑलॉजिस्ट 'चिकटलेली वाटते' असं लिहितात. छाती उघडल्यावर कधी ती शिरेवरून अलगद सुटते, कधी शिरेच्या भिंतीतच शिरलेली निघते. शेवटचं उत्तर पॅथॉलॉजीच्या टेबलावर मिळतं. म्हणूनच तयारी वाईटातल्या वाईट शक्यतेची करून जायचं असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला माझा विरोध नाही. लहान, आवरणात बंद असलेल्या गाठीसाठी ते उत्तम: व्रण छोटा, दुखणं कमी, माणूस लवकर घरी. पण ७ सेंटिमीटरची, शिरेला आणि हृदयाच्या आवरणाला धरलेली वाटणारी गाठ फासळ्यांमधल्या छिद्रांतून ओढताना तिचं आवरण फाटलं, तर डाळिंब फुटल्यावर दाणे विखुरतात तशा पेशी छातीच्या पोकळीत विखुरतात आणि काही वर्षांनी तिथे रुजलेल्या सापडतात. शिवाय शिरेतून एकाएकी रक्तस्राव झाला तर अरुंद जागेतून तो आवरणं अवघड. आईच्या बाबतीत छातीचं मधलं हाड उभं उघडून केलेलं ऑपरेशनच मला योग्य वाटतं. 'याच आठवड्यात' ही घाईही मला पटत नाही. बहुतेक थायमोमा सावकाश वाढतात. तयारीसाठी गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनी गाठीचं काही बिघडत नाही. तयारीशिवाय टेबलावर गेलेल्या मायस्थेनियाच्या रुग्णाचं मात्र बरंच बिघडू शकतं.

अशा ऑपरेशनमध्ये गाठ एकटी काढत नाहीत. गाठ, उरलेली थायमस आणि भोवतालची चरबी, एका फ्रेनिक नसेपासून दुसऱ्या फ्रेनिक नसेपर्यंत आणि वर गळ्याच्या बुडापर्यंत, सगळं एकसंध काढायचं असतं. जे चिकटलेलं असेल ते सोलत बसायचं नाही, गाठीसोबत घ्यायचं. हृदयावरच्या आवरणाचा तुकडा गेला तर चालतो. भोक मोठं असेल तर जाळीचं ठिगळ लावतात, म्हणजे हृदय त्यातून सरकत नाही. फुप्फुसाची कड धरली असेल तर तेवढा पाचरीसारखा तुकडा स्टेपलरने कापून घेतात. डावी इनॉमिनेट शीर डाव्या हाताचं आणि डोक्याच्या डाव्या बाजूचं रक्त हृदयाकडे आणते. ती बांधून कापावी लागली तर डावा हात काही आठवडे सुजतो, पण शेजारच्या शिरा हळूहळू ते काम उचलतात. गरज वाटली तर कृत्रिम नळीने जोडणी करतात. अनुभवी भूलतज्ज्ञ अशा वेळी सलाईन डाव्या हाताला लावतच नाहीत. गाठ वरच्या महाशिरेत शिरलेली असेल तर काम आणखी मोठं होतं. तेव्हा रक्तवाहिन्यांचा सर्जन शेजारी आणि हार्ट-लंग मशीन हाताशी असलं पाहिजे.

फ्रेनिक नसेबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख ओझरता आहे आणि आईच्या दृष्टीने तीच सगळ्यात नाजूक जागा आहे. ही नस श्वासाचा पडदा हलवते, दोन बाजूंना दोन नसा. निरोगी माणूस एक नस गेली तरी निभावतो: जिना चढताना दम लागतो, बाकी आयुष्य चालतं. मायस्थेनियाच्या रुग्णाचे स्नायू आधीच कमकुवत, त्यामुळे तिच्यासाठी एका नसेचीही किंमत मोठी आहे. गाठ नसेला नुसती टेकली असेल तर सर्जन ती सोडवून वाचवतात. गाठीने नस वेढली असेल तर गाठ पूर्ण निघावी म्हणून ती कापावी, की नसेजवळ सूक्ष्म अंश राहू देऊन तिथे नंतर रेडिएशन द्यावं, हा निर्णय ऑपरेशनच्या आधी बोलून ठरलेला असावा. दोन्ही नसा कापायच्या नसतात, यावर मतभेद नाहीत. "डावी नस गुंतलेली निघाली तर तुम्ही काय कराल?" हा प्रश्न सर्जनना नक्की विचारा. जो सर्जन शांतपणे पाच मिनिटं देऊन याचं उत्तर देईल, त्याच्याकडे माझा कल राहील.

केमो आधी घ्यायची का? दुसऱ्या सर्जनचा क्रम चुकीचा नाही, पण तो प्रत्येकाला लागतोच असंही नाही. हृदयाचं आवरण आणि डावी इनॉमिनेट शीर, दोन्ही काढता येण्याजोगे भाग आहेत. तेवढ्यापुरतीच गुंतागुंत असेल आणि टीमला गाठ पूर्ण निघण्याची खात्री वाटत असेल, तर थेट ऑपरेशन करता येतं. वरची महाशीर, महाधमनी, दोन्ही नसा किंवा छातीच्या पोकळीतले दाणे असा मामला असेल तर आधी दोन ते चार वेळा केमो देऊन गाठ आकसवायची आणि मग ऑपरेशन करायचं. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या तीन औषधांचा मेळ त्यासाठी बराच वापरला जातो. केमो ठरली तर आधी टूडी एको आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतीलच. तुमच्याकडून एक काळजी हवी: सिस्प्लॅटिनबरोबर सलाईनमधून मॅग्नेशियम देण्याची पद्धत आहे, आणि मॅग्नेशियमने मायस्थेनिया बळावतो. केमोच्या डॉक्टरांना आईच्या आजाराची आठवण दर वेळी करून द्या. मी तुमच्या पत्रातले रिपोर्टचे शब्द वाचतोय, स्कॅनचे फोटो पाहिलेले नाहीत, म्हणून यातली कोणती वाट हे मी ठरवू नये. ते छातीचा सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसतात त्या ट्यूमर बोर्डाने ठरवावं.

बायोप्सीचंही इथेच सांगतो. गाठ सहज निघण्यासारखी असेल आणि स्कॅनवरून थायमोमाच वाटत असेल तर बायोप्सी न करता थेट काढतात. आईची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे संशयाला फारशी जागाही नाही. केमो आधी द्यायची असेल तर मात्र सुईने तुकडा घेऊन निदान पक्कं करावंच लागतं. ती सुई शक्यतो छातीच्या हाडालगतून जावी, फुप्फुसाची पोकळी ओलांडून नाही.

मामांची भीती मला उडवून लावायची नाही. चाकू लागल्याने कॅन्सर पसरतो हे त्यांनी अर्धवट झालेली किंवा फार उशिरा झालेली ऑपरेशनं पाहून म्हटलं असेल. फाटलेली, तुकड्यांनी काढलेली गाठ पसरते, एवढा भाग या आजारात खराच आहे. त्यावर उपाय हाच, की ती अखंड निघेल अशा ठिकाणी जायचं. काढ्याने थायमोमा विरघळत नाही. काही भस्मांचा मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पुढे सिस्प्लॅटिन द्यायची वेळ आली तर तीच मूत्रपिंडं धड असायला हवीत. मामांना ट्यूमर बोर्डाच्या भेटीला सोबत घेऊन जा. घरी बसून वाद घालण्यापेक्षा त्यांनी स्क्रीनवर ती शीर आणि ती गाठ स्वतः पाहिली तर बरं.

आता व्हेंटिलेटर. ऑपरेशननंतर काही तास, कधी एखाद-दोन दिवस श्वासाला यंत्राची मदत लागू शकते, आणि तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. भीती असते ती ऑपरेशनच्या ताणाने मायस्थेनिया एकदम उसळण्याची. ती टाळायची वेळ ऑपरेशनच्या आधीची. न्यूरोलॉजिस्टनी पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, गरजेनुसार स्टेरॉईड देऊन गिळणं आणि श्वास स्थिर करावा. त्रास जास्त असेल तर ऑपरेशनपूर्वी इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन किंवा प्लाझ्मा बदलण्याची प्रक्रिया करतात. स्टेरॉईड मोठ्या डोसने सुरू केलं तर पहिल्या काही दिवसांत अशक्तपणा वाढू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं. भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटा. स्नायू सैल करणारी औषधं या रुग्णांवर वेगळी वागतात, आणि ऑपरेशनच्या सकाळी ही फाइल पहिल्यांदा त्यांच्या हातात पडणं बरोबर नाही.

घरातही जपा. जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स मायस्थेनिया वाढवू शकतात. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. सर्दी-खोकला झाला की दुकानातून गोळी आणायची आपल्याकडची सवय आईपुरती बंद करा. एका कार्डावर आजाराचं नाव आणि ही औषधं लिहून ते तिच्या पर्समध्ये ठेवा, गावातल्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि कुणीही सांगितलं तरी तिच्या गोळ्या मनाने थांबवू नका.

कुठे जायचं? 'टाटाला न्या' असं लोक सांगतच असतील. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून कॅन्सरवरच काम करतं आणि तिथे छातीच्या कॅन्सर सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणून तो सल्ला चांगला आहे. पुण्यात किंवा इतरत्र जायचं झालं तर इमारतीपेक्षा हे पाहा: थायमसच्या गाठी नियमित काढणारा छातीचा सर्जन, रक्तवाहिन्यांच्या सर्जनची साथ, मायस्थेनिया हाताळलेला आयसीयू आणि एकाच आवारात न्यूरोलॉजिस्ट. खर्चासाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तो निदानाचा कागद पाहून सांगेल. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

ऑपरेशननंतर हाड तारांनी बांधलेलं असतं, ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा नाही, पिशव्या नाहीत, हातांनी जोर देऊन उठणं नाही. खोकताना छातीशी उशी धरायची आणि श्वास ओढून स्पायरोमीटरचे चेंडू वर न्यायचा व्यायाम कंटाळा न करता करायचा. पापणी लगेच वर राहील अशी अपेक्षा तिला लावू नका. काहींना महिन्यांनी फरक पडतो, काहींना वर्षाने, आणि गोळ्या तोवर चालूच राहतात. गाठ आणि हा आजार यांचं नातं सर्जनना पुरतं कळण्याच्या आधी, १९३६ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीच्या छातीतून थायमसची गाठ काढली आणि तिचा अशक्तपणा कमी झाला. पुढचं सगळं त्यातून सुरू झालं. नंतर जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांवरच्या 'ब्लू बेबी' ऑपरेशनमुळे जगभर नाव झालेले हेच ते ब्लेलॉक.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहा. गाठीचा प्रकार: ए, एबी, बी१, बी२, बी३ किंवा थायमिक कार्सिनोमा, उतरंडीत खाली जावं तसा स्वभाव तापट होत जातो. आणि कडा: गाठीच्या सर्व बाजू मोकळ्या आहेत की कुठे पेशी कडेपर्यंत पोचल्या आहेत. गाठ तिसऱ्या टप्प्याची निघाली तर बहुतेकदा रेडिएशन सुचवतात. कडा मोकळ्या असतील तर साधारण ४५ ते ५० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं माप), सूक्ष्म अंश राहिला असेल तर ५४ च्या आसपास, डोळ्यांना दिसणारा भाग राहिला असेल तर ६० किंवा जास्त. आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. सर्जन शंकेच्या जागी धातूच्या बारीक क्लिप लावून ठेवतात, म्हणजे किरण नेमके तिथे देता येतात. हेही आधीच विचारून घ्या.

थायमोमा परतला तर बहुधा छातीच्या आतल्या अस्तरावर परततो, आणि कधी कधी दहा वर्षांनीही. म्हणून पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन, मग दर वर्षी, निदान दहा वर्षं. 'आता बरी आहे' म्हणून मधेच सोडू नका. परतलेली गाठ वेळेत सापडली तर पुन्हा काढता येते.

थायमस काढल्यावर प्रतिकारशक्ती जाईल का, असाही प्रश्न कुणी ना कुणी विचारेल. प्रौढांत ही ग्रंथी पूर्वी मानत तितकी निरुपयोगी नाही, हे २०२३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. त्यामुळे विनाकारण ती काढू नये हे खरं. आईच्या छातीत मात्र गाठ आहे, आणि तिथे हिशेब सरळ आहे.

राहिलं आईला सांगायचं. तिला सांगा. तिचं हाड कापलं जाणार आहे, तिची नस जाईल किंवा राहील, ऑपरेशननंतर तोंडात नळी असताना तिला जाग येऊ शकते. 'साधी गाठ' ऐकून आयसीयूत जागी झालेली बाई जितकी घाबरते तितकी खरं ऐकलेली घाबरत नाही. संमतीच्या कागदावर सहीसुद्धा तिचीच लागणार आहे. दुपारी, ती ताजी असताना, एकाच माणसाने शांतपणे बोलावं. 'ही कॅन्सरच्या जातीची गाठ आहे, सावकाश वाढणारी आहे, काढायची आहे, आणि तुझ्या पापणीचं मूळही तिथेच आहे' इतकं पुरे. पुढचं ती विचारेल तसं. पुढच्या भेटीला सर्जनसमोरच्या खुर्चीत तिला बसवा, स्कॅनची सीडी सोबत न्या, आणि तिचे प्रश्न संपल्यावर तुमचे विचारा.